मोटोक्रॉस की ऑफ-रोड? डर्ट बाईकचं वजन नाशिकच्या जमिनीवर कसं तोलायचं

मडगार्ड उंच आणि टायर नॉबी, म्हणजे मोठ्या गोट्यांचे, दिसले की गाडी कुठलीही असो, नाशिकमध्ये तिला डर्ट बाईकच म्हणतात. त्यात रोज सातपूरला कामावर नेली जाणारी हीरोची एक्सपल्स येते, कावासाकीची केएलएक्स येते आणि नंबर प्लेटच नसलेली, छोट्या हत्ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी लागणारी केएक्स२५०सुद्धा येते. पहिल्या दोन ऑफ-रोड, म्हणजे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या; शेवटची मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या बंद ट्रॅकवरच्या शर्यतीची. मग दोन कॅटलॉग शेजारी ठेवले जातात. होंडाच्या सीआरएफ२५०आर या मोटोक्रॉस गाडीवर १०४ किलो, एक्सपल्स २०० ४व्हीवर १५८ किलो. ‘एवढं लोखंड कशाला ओढायचं?’ म्हणून निकाल तिथेच लागतो. हा निकाल घाईचा असतो. ५४ किलोंपैकी ५ किलो तर नुसतं पेट्रोल आहे. उरलेल्यांतले काही किलो कायद्याने लावायला लावलेले आहेत, काही इंजिन हजारो किलोमीटर टिकावं म्हणून आहेत आणि काही खरंच फुकटचे आहेत. कोणते कुठले, हे कळल्याशिवाय पैसे टाकू नयेत.

आधी आकडे एका पातळीवर आणा

प्रत्येक कंपनी वजन वेगळ्या पद्धतीने छापते. होंडा आणि यामाहा टाकी पूर्ण भरलेली, ऑइल-कूलंट घातलेली, चालायला तयार गाडी तोलतात. केटीएम पेट्रोलविना वजन देते. रॉयल एनफिल्डने हिमालयन ४५०चे १९६ किलो सांगितलेत ते ९०% पेट्रोल धरून. जुन्या मॉडेलांच्या माहितीत ‘ड्राय वेट’ असतं. त्यात पेट्रोल नसतंच, पण कित्येकदा ऑइल, कूलंट आणि बॅटरीही नसते. परदेशी साइटवर आकडा पाउंडात असेल तर ०.४५३६ने गुणा, २४९ पाउंड म्हणजे ११३ किलो.

सगळ्या गाड्या ‘पेट्रोलविना, बाकी सगळं भरलेलं’ या एकाच मापात आणणं सोयीचं. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण ०.७५ किलो धरा. एक्सपल्सची टाकी १३ लिटरची, म्हणजे जवळपास पावणेदहा किलो. ते काढले की गाडी १४८च्या आसपास येते. केएलएक्स२३० कागदावर १३९ किलो, टाकी ७.६ लिटर, काढले की १३३. सीआरएफ२५०आरची टाकी ६.३ लिटर, १०४चे होतात ९९. कागदावर एक्सपल्स आणि केएलएक्समध्ये १९ किलोंचं अंतर दिसत होतं, ते १५वर आलं. एक्सपल्समध्ये निम्मीच टाकी भरून निघालात तर आणखी ५ किलो खिशात. पेठला जाऊन परत यायला १३ लिटर लागत नाहीत.

जुन्या ‘ड्राय’ आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नका. त्यात किती मिळवायचं याचा नियम नाही. सरळ काट्यावर घ्या.

काट्यावर गाडी तोलताना

ट्रक-ट्रॅक्टर तोलायचा भुईकाटा यासाठी कामाचा नाही. त्याचा सर्वांत लहान टप्पाच ५ किंवा १० किलोंचा असतो. लागतो तो द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये किंवा भुसार दुकानात असतो तसला इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा, १५० ते ३०० किलो क्षमतेचा. पिंपळगाव, ओझर, निफाड पट्ट्यात असे काटे शेडोशेडी आहेत. फक्त द्राक्षांचा हंगाम सोडून जा, नाहीतर कोणी उभं करणार नाही.

काट्याचं ताट लहान असतं आणि गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण साडेतेराशे ते दीड हजार मिलिमीटर. त्यामुळे एकेक चाक तोलायचं आणि बेरीज करायची. गाडी धुऊन वाळवून आणा. स्किड प्लेटच्या (इंजिनखालच्या ढालीच्या) आत दबलेला चिखलच दोन-तीन किलो भरतो. पेट्रोल एकतर पूर्ण काढा किंवा गळ्यापर्यंत भरा, मधलं काही नको. पुढचं चाक ताटाच्या मध्यावर ठेवा आणि मागच्या चाकाखाली ताटाच्याच उंचीचा ठोकळा घ्या. ब्लॉक, फळी, फरशी काहीही चालेल, पण उंची मोजून. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक मोकळा, हँडल सरळ. एकाने सीटपाशी नुसती बोटं टेकवून गाडी उभी धरायची, दाबायचं नाही की उचलायचं नाही. आकडा लिहा, मग मागचं चाक ताटावर आणि पुढचं ठोकळ्यावर. दोन्ही वाचनं दोनदा घ्या. दोन बेरजांत अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला तर कोणाचा तरी हात गाडीला लागतोय किंवा जमीन उताराची आहे.

ठोकळा न ठेवण्याची चूक हमखास होते. काट्याचं ताट जमिनीपासून १० सेंटिमीटर उंच असलं आणि दुसरं चाक तसंच जमिनीवर राहिलं, तर ११० किलोच्या गाडीचे एखाद-दोन किलो खालच्या चाकाकडे सरकतात. म्हणजे पुढचं तोलताना आकडा तेवढ्याने कमी, मागचं तोलतानाही तेवढ्याने कमी, आणि बेरजेत गाडी फुकटात त्याच्या दुप्पट ‘हलकी’ होते. वापरलेली गाडी विकणारा ‘काट्यावर तोललीय’ म्हणाला तर ठोकळा ठेवला होता का, एवढंच विचारा.

मोकळी गाडी तोलून झाली की मग स्वारासकट वजन घ्या: हेल्मेट, बूट, चेस्ट गार्ड, पाण्याची पिशवी सगळं चढवून. अंगावरच्या या गिअरचेच ८ ते १० किलो होतात. ७५ किलोचा माणूस ८५चा होतो, आणि एक्सपल्सवर एकूण २४३ किलो होतात. १९ एचपीने ते ओढायचे म्हणजे प्रत्येक एचपीच्या वाट्याला पावणेतेरा किलो. चाळीसच्या आसपास एचपी देणाऱ्या २५० मोटोक्रॉसवर तोच माणूस बसला तर वाट्याला पावणेपाच. फरक वजनाचा कमी आणि ताकदीचा जास्त आहे, हे इथे कळतं. गाडी ५ किलोंनी हलकी करायला लोक हजारो रुपये खर्च करतात, आणि पाठीवरच्या बॅगेत दोन लिटर जास्तीचं पाणी घेऊन निघतात.

तेच नाव, तीन वजनं

वजन कुठून येतं हे बघायला होंडाच्या ४५० घराण्यासारखं उदाहरण नाही. ट्रॅकवरची सीआरएफ४५०आर ११३ किलो. जंगलवाटांच्या शर्यतीसाठीची सीआरएफ४५०एक्स १२५ किलो. रस्त्यावर नोंदवता येणारी सीआरएफ४५०आरएल १३१ किलो. तिन्ही टाकी भरून.

आर आणि एक्समधल्या १२ किलोंत हेडलाइट, टेललाइट, साइड स्टँड, ६.३ऐवजी ७.६ लिटरची टाकी, पाचाऐवजी सहा गिअर आणि मागचं १९ऐवजी १८ इंची चाक आलं. यातली एकही गोष्ट ट्रॅकवर लागत नाही आणि सगळ्या रानात लागतात. पुढचे ६ किलो इंडिकेटर, आरसे, हॉर्न, मीटर, नंबर प्लेटचा सांगाडा आणि आवाज-धुराच्या नियमांचे. आरएलमध्ये आवाज दाबायला इंजिनवर कव्हरं लावली होती आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पोकळीत युरेथेन भरलं होतं. ते गाडीला वेगवान करत नाही, कायद्यात बसवतं.

आपल्याकडच्या रस्त्याच्या गाडीत याच रांगेत साडीगार्ड, मागच्याला धरायचा दांडा आणि मागची फूटरेस्ट येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३व्या नियमाने ते सक्तीचे आहेत. एक्सपल्समधून साडीगार्ड, मागचा दांडा आणि कॅरिअर, मागची फूटरेस्ट, आरसे काढून लेड-ॲसिडऐवजी लिथियम बॅटरी घातली, तर पाच ते आठ किलो निघतात. हे ट्रॅकवर पोचल्यावर काढायचं आणि घरी यायच्या आधी लावायचं. काढून रस्त्यावर फिरलात तर चलान होतं. त्याहून वाईट म्हणजे कलम ५२च्या विरुद्ध बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचं कारण आयतं मिळतं.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी दोन आकडे. यामाहा वायझेड१२५ टाकी भरून ९५ किलो, वायझेड२५० १०३ किलो. व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन नाहीच, म्हणून डोक्यावरचं वजन कमी. उचलायला सोपी, चालवायला नाही.

किलो किती यापेक्षा कुठे

त्याच १० किलोंचा त्रास ते कुठे बसलेत यावर ठरतो. वर असलेलं पेट्रोल, हेडलाइटचा जुडगा आणि मागे उंचावर टांगलेला सायलेन्सर गाडीला आडवं पाडायला मदत करतात. तेच वजन इंजिनखाली स्किड प्लेटच्या रूपात असेल तर फारसं जाणवत नाही. चाकातलं वजन सगळ्यांत महाग. ते फिरवायचंही असतं, थांबवायचंही, आणि खड्ड्यात शॉकअपला वर-खाली नाचवायचंही. जाडजूड हेवी-ड्युटी ट्यूब साध्या ट्यूबच्या जवळपास दुप्पट भरते, आणि तेवढ्यानेसुद्धा पुढचं चाक जड वाटायला लागतं.

शोरूममध्ये बसून हे कळत नाही. विकणारा तयार असेल तर गाडी मऊ मातीवर आडवी निजवा, पेट्रोलचा नळ असेल तर बंद करा आणि वरच्या बाजूच्या हँडलच्या टोकाला टांगता काटा अडकवून वर ओढा. जमीन सोडताना काट्यावर जो आकडा दिसतो, तेवढं वजन पडल्यावर दर वेळी तुमच्या कमरेवर येणार. दोन गाड्यांमधला या आकड्याचा फरक कर्ब वेटच्या, म्हणजे चालायला तयार गाडीच्या वजनाच्या, फरकाइतका नसतो. कधी कमी निघतो, कधी जास्त, आणि दुपारी तीन वाजता हरसूलच्या चढावर दहाव्यांदा गाडी उचलताना हाच आकडा कामाचा असतो.

शॉकअप: इथे खरा घोळ

पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीला पुढे-मागे सुमारे ३१० मिलिमीटर हालचाल असते. एक्सपल्स २०० ४व्हीला पुढे १९०, मागे १७०. तिच्याच प्रो मॉडेलला २५० आणि २२०. आकडा मोठा म्हणजे गाडी मऊ, असं समजून लोक फसतात. मोटोक्रॉसचा शॉकअप दोन-तीन मीटर उंचीवरून पडणारी गाडी झेलायला बांधलेला असतो. स्प्रिंग कडक, ऑइलची वाटही अरुंद. नाशिकची वाट म्हणजे काळा बेसॉल्ट, मुठीपासून डोक्याएवढे सुटे दगड, मध्येच कपार. वेग ताशी १५-२० किलोमीटर. एवढ्या वेगात तो शॉकअप दबतच नाही. पुढचं चाक दगडावर चढण्याऐवजी बाजूला फेकलं जातं आणि अर्ध्या तासात मनगटं, दंड दगड होतात. उलट एक्सपल्स ट्रॅकवरच्या टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून) उडवली की शॉकअप तळाला ठोकतो आणि रिम वाकते. दोन्हीकडे दोष गाडीचा नाही.

गाडी कोणतीही असो, आधी सॅग मोजा, म्हणजे वजनाने शॉकअप किती खाली बसतो ते. मागचं चाक हवेत राहील असं स्टँडवर चढवा. चाकाच्या अक्षापासून सरळ वर मागच्या मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर घ्या. समजा ६०० मिलिमीटर. गाडी जमिनीवर उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा, पुन्हा मोजा. ५६५ आलं तर नुसत्या गाडीचा सॅग ३५. आता पूर्ण गिअर घालून स्वार फूटरेस्टवर पाय ठेवून आपल्या नेहमीच्या जागी बसेल, एक जण पुढून हँडल धरेल, दुसरा मोजेल. ४९७ आलं तर स्वारासकट सॅग १०३.

मोटोक्रॉससाठी स्वारासकट १०० ते १०५ आणि नुसत्या गाडीचा ३० ते ४० हे योग्य माप. कमी हालचालीच्या ट्रेल गाडीला हे आकडे लावू नका. तिथे एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवा. एक्सपल्सला मागे ५० ते ५७. स्वारासकट १०० जमवायला प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) इतकी आवळावी लागली की नुसत्या गाडीचा सॅग २५च्या खाली गेला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तोच ४५च्या वर राहिला तर स्प्रिंग कडक आहे. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी उंच होते. मोटोक्रॉस गाड्यांचे मूळ स्प्रिंग साधारण ७०-७५ किलोच्या स्वाराला धरून दिलेले असतात. तुम्ही ९० किलोचे असाल तर क्लिकर (शॉकअपमधल्या ऑइलची वाट कमी-जास्त करायचे स्क्रू) फिरवून काही होणार नाही, स्प्रिंगच बदला.

सॅग बसल्यावर मग क्लिकर. आधी घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण आत फिरवून किती क्लिक होतात ते लिहून ठेवा आणि तेवढेच मागे आणा. दगडाळ वाटेसाठी पुढचं-मागचं कम्प्रेशन (शॉकअप दबतानाचा अडसर) दोन-दोन क्लिक मोकळं करून बघा, फार तर चार. रिबाउंडला (परत वर येतानाच्या अडसराला) एका वेळी एकच क्लिक. दोन्ही एकदम फिरवलंत तर कशाने काय बदललं ते कळणार नाही.

सीटची उंचीही इथेच तपासा. एक्सपल्सची ८२५ मिलिमीटर, प्रोची ८९१, केएलएक्स२३०ची ८८०. पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉसची साधारण ९५०-९६०. ट्रॅकवर पाय टेकायची गरज नसते, उताराच्या दगडांवर पदोपदी असते. साडेपाच फुटांच्या माणसाला खालच्या बाजूला पाय न पोचणं हे २० किलो जास्त असण्यापेक्षा महागात पडतं.

चाकं, टायर, हवा

पुढचं चाक दोन्ही प्रकारांत २१ इंची. फरक मागे आहे. मोटोक्रॉसला १९ इंच, टायर साधारण २५०ला १००/९०-१९ आणि ४५०ला ११०/९०-१९ किंवा १२०/८०-१९. एन्ड्युरो-ट्रेलला, म्हणजे रानवाटांच्या गाड्यांना, १८ इंच; एक्सपल्सचा १२०/८०-१८. १९च्या रिमवर टायरची भिंत बुटकी, म्हणून वळणात पक्की आणि चाक हलकं. १८च्या रिमवर भिंत उंच, म्हणजे दगड आणि रिम यांच्यामध्ये जास्त रबर. आपल्या भागात १९ इंची चाक घेऊन दगडांत गेलात की ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. टायर दबून ट्यूब रिमच्या दोन कडांत चेपते.

हवा अशी ठेवा. मऊ मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसला १२ ते १४ पीएसआय. त्याच गाडीला दगडांत १५-१६. एक्सपल्ससारख्या जड गाडीला वाटेवर १८ ते २२, आणि डांबरावर परत येताना कंपनीने सांगितलेली हवा. सोबत पंप असू द्या. त्र्यंबकजवळच्या आंबोलीपुढे पंचरवाल्याच्या भरवशावर राहू नका. १५च्या खाली जायचं असेल तर मागे रिमलॉक (टायर रिमला घट्ट धरणारा अटकाव) हवाच. तो नसला की ॲक्सिलरेटर देताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. तो पंचर निघत नाही, ट्यूबच फेकावी लागते. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, टोपीपाशी वर फिरवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसला तर टायर सरकायला लागल्याची ती खूण.

पावसाळ्यात काळ्या मातीत हे सगळं फोल ठरतं. निफाड-सिन्नरकडची चिकण माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. मोटोक्रॉसचं उंच मडगार्ड इथे वरचढ आहे, टायरला चिकटलेलं खालचं मडगार्ड सगळ्यांत वाईट. पाच-सात किलो माती गाडीवर कधी चढली ते कळतही नाही. मुरमाची, इगतपुरी बाजूची वाट त्या दिवसांत बरी.

गिअर आणि गरमी

मोटोक्रॉसचे पाच गिअर जवळजवळ असतात आणि पहिलाच उंच असतो, कारण शर्यतीत सुटताना सोडला तर पहिला लागत नाही. खड्या दगडी चढावर हाच गिअर अर्ध्या क्लचवर चालवावा लागतो. क्लचप्लेट तापतात, लिव्हर सैल लागतो आणि त्याच वेळी रेडिएटर उकळतो. मोटोक्रॉसला पंखा नसतो. वाऱ्याने थंड होईल एवढा वेग कायम असेल असं गृहीत धरलेलं असतं. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत पाच मिनिटांचा संथ चढ पुरतो. शिवाय मोटोक्रॉसचं फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं वजनी चाक) हलकं, म्हणून संथ वेगात गाडी पटकन बंद पडते.

मोटोक्रॉसच रानात न्यायची असेल तर बदल या क्रमाने करा: पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात कमी, मग फ्लायव्हीलला जोडवजन, मग पंख्याचा किट. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन ते चार दात. पुढे लहान स्प्रॉकेट घातलं की चेन स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला जास्त घासते, ती दर खेपेला बघा. स्किड प्लेट आणि रेडिएटर गार्ड मात्र या सगळ्याच्या आधी लावा. मोटोक्रॉसचं इंजिन खालून उघडं असतं आणि बेसॉल्टचा एक दगड वॉटर पंपाचं कव्हर फोडायला पुरे. हे सगळं लावून झाल्यावर पुन्हा काट्यावर घ्या. ‘हलकी’ म्हणून घेतलेली गाडी सहा-आठ किलोंनी वाढलेली असते, आणि तरी तिला लाइट नसतो. तो लावणंही सोपं नाही. बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांच्या स्टेटरमध्ये (वीज बनवणाऱ्या भागात) लाइटपुरती वीजच तयार होत नाही.

सेल्फचंही बघा. सीआरएफ२५०आरला २०१८पासून सेल्फ आला आणि किक गेली. लिथियम बॅटरी हलकी खरी, पण बसली की ढकलस्टार्टशिवाय इलाज नाही.

तासांचा हिशेब

ऑफ-रोड गाडीची देखभाल किलोमीटरवर चालते, मोटोक्रॉसची तासांवर. २५० फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल पाच-सहा तासांनी बदलायचं आणि पिस्टन-रिंग जोरात चालवणाऱ्याने १५ ते २० तासांत, आरामात चालवणाऱ्याने ४०पर्यंत. व्हॉल्व्हचं अंतर त्याच्या आधी तपासायचं. एअर फिल्टर दोन्हींत प्रत्येक फेरीनंतर धुवा. उन्हाळ्यातली इथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि कोरड्या फोममधून सरळ सिलेंडरमध्ये जाते. फिल्टर ऑइल लावून, पिळून मगच बसवा. महिन्यातून चार रविवार, दर वेळी तीन तास, एवढाच हिशेब धरला तरी मोटोक्रॉसचं इंजिन वर्षातून किमान तीनदा उघडावं लागतं. कमी किलोंची किंमत ती हीच.

म्हणून घरातून निघून त्र्यंबक, पेठ, सुरगाणा फिरून त्याच गाडीवर परत येणाऱ्याने १३० ते १६० किलोंची, आरसी असलेली ऑफ-रोड गाडीच घ्यावी. मोटोक्रॉस त्याच्यासाठी, ज्याला ट्रॅक मिळतो, टेम्पो परवडतो आणि पाना धरता येतो. त्यातही पहिली गाडी ४५० नको. स्पर्धेची हौस असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं आणि देशी गाड्यांसाठी वेगळे गट असतात, तेव्हा एक्सपल्सवरूनही सुरुवात होते.

कागद आणि टेम्पो

मोटोक्रॉस गाडीला एमएच-१५, म्हणजे नाशिक आरटीओचा नंबर, मिळत नाही, कोणीही काहीही सांगो. ती रस्त्यावर नोंदवायच्या मंजुरीतच नसते. बंद ट्रॅक किंवा परवानगी असलेली खासगी जमीन, एवढीच तिची जागा. गंगापूर रोडवरून ‘फक्त दोन किलोमीटर’सुद्धा नाही. आरसी असलेल्या गाडीलाही सगळं रान मोकळं नसतं. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथे वाटा शोधू नका. शेताचा बांध ओलांडायचा तर मालकाला विचारून.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण २.२ मीटर लांब आणि मोटोक्रॉसही जवळपास तेवढीच, २.१८. गाडी जरा तिरकी उभी करा, पुढचं चाक केबिनच्या कोपऱ्यात. रॅचेट पट्टे हँडलऐवजी खालच्या क्लॅम्पला घाला. पुढचा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवूनच आवळा. ठोकळा नसला की तास-दीड तास फोर्क पूर्ण दबलेला राहतो आणि ट्रॅकवर पोचेपर्यंत सील गळायला लागतो. मागच्या चाकाला तिसरा पट्टा, पेट्रोलचा नळ असेल तर बंद.

वापरलेली मोटोक्रॉस घेताना आरसी नसणारच, पण मूळ बिल किंवा परदेशातून आणली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री मागा आणि त्यावरचा चासी नंबर हेडस्टॉकवर (हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर) कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. इंजिनचे तास मोजणारा अवर मीटर नवा कोरा आणि फूटरेस्टचे दात झिजलेले असतील तर मीटर विसरा, इंजिनचं कम्प्रेशन मोजा. आणि गाडी तुम्ही पोचायच्या आधीच तापवून ठेवलेली असेल तर इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. व्हॉल्व्ह घट्ट झालेली फोर-स्ट्रोक थंड असतानाच सुरू व्हायला त्रास देते.